समुपदेशकाची फी : उपकार की हक्क?

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात निकाल दिला. मानसिक आरोग्य हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा अविभाज्य भाग आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमला पाहिजे, असे निर्देशही दिले. या निकालाचे स्वागत झाले, ते योग्यच होते. 2016 मध्ये रोहित वेमुला, 2019 मध्ये डॉ. पायल तडवी आणि 2023 मध्ये दर्शन सोळंकी ज्या समाजाने गमावले, त्या समाजाला या निकालाचे मोल कुणी समजावून सांगायला नको.

परंतु विद्यार्थी महाविद्यालयातून बाहेर पडला की पुढे काय? नोकरी लागली, किंवा लागली नाही. लग्न झाले, मोडले. वरिष्ठाने रोज टोचून टोचून जीव नकोसा केला. रात्रीची झोप गेली. अशा वेळी माणसाने जायचे कुठे? सरकारी व्यवस्था अगदीच नाही असे नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. 1996 पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि रात्री-बेरात्री तिचा उपयोग होतो. तो क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवावा. मात्र गोळ्या लिहून घेणे वेगळे, संकटात फोन करणे वेगळे, आणि एकाच माणसासमोर दर आठवड्याला तासभर बसून, महिनोन्‌महिने मनातली गाठ सोडवत जाणे वेगळे. या तिसऱ्या गोष्टीला थेरपी म्हणतात. ती जवळजवळ सगळी खासगी समुपदेशकांच्या हातात आहे. आणि तिथे फोन केल्यावर विचारला जाणारा पहिला प्रश्न दुःखाचा नसतो. ‘मॅडम, एका सेशनचे किती घेता?’ हा असतो.

मुंबई-पुण्यात हजार-दीड हजार हा आता सर्रास ऐकू येणारा आकडा आहे. हा आकडा आपल्या वस्तीच्या फुटपट्टीने मोजून पाहा. 2025-26 या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये ठरली होती. म्हणजे दीड हजारांचा एक तास म्हणजे जवळपास पाच दिवसांचे उन्हातले काम. आठवड्याला एक सेशन घ्यायचे तर आठवड्याची सगळी कमाई त्या खुर्चीवर ठेवून यायची. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने 2015-16 मध्ये बारा राज्यांत (महाराष्ट्र त्यांत नव्हता) पाहणी केली, तेव्हा निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण 70 ते 92 टक्के आढळले होते. त्यामागे अज्ञान आहे, भगत-भोंदू आहेत, लोकलाज आहे, हे सगळे मान्य. पण ज्याला कळते, ज्याची तयारी आहे, जो फोनही करतो, तो आकडा ऐकून ‘सांगतो’ म्हणून फोन ठेवतो, त्याचे काय?

कायदा याबाबत काय म्हणतो ते आधी पाहू. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 चे कलम 18 प्रत्येकाला मानसिक आरोग्यसेवेचा हक्क देते. ही सेवा परवडणाऱ्या किमतीत, चांगल्या दर्जाची आणि लिंग, धर्म, जात, वर्ग अशा कोणत्याही कारणावरून भेदभाव न करता मिळाली पाहिजे, असे त्यात शब्द आहेत. जात हा शब्द कायद्यात स्पष्टपणे आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तिच्याजवळ कार्ड असो वा नसो, सरकारी आणि सरकारी अनुदानित मानसिक आरोग्य संस्थांत मोफत उपचार मिळायला हवेत, हेही त्याच कलमात आहे. पण ही सगळी जबाबदारी शासनाची आहे. खासगी समुपदेशकाने किती फी घ्यावी, यावर हा कायदा चकार शब्द बोलत नाही. महाराष्ट्रात नर्सिंग होमसाठी 2021 मध्ये नियम सुधारले गेले, दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. मात्र दोन खुर्च्या आणि एक टेबल असलेली समुपदेशकाची खोली नर्सिंग होम नाही. कलम 21 ने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यायला सांगितले; पण सामान्य माणसाची विमा पॉलिसी मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावरच कामाला येते. बोलण्याच्या तासाला खाट लागत नाही. थोडक्यात, ही फी ठरवणारा कुणी नाही. ती समुपदेशकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडलेली आहे.

आता प्रस्थापितांकडून यावर एक तयार उत्तर मिळते. ‘आम्ही गरजूंना सवलत देतो ना!’ खरेच, अनेक समुपदेशक देतात. त्यांच्या हेतूवर संशय घेण्याचे कारण नाही. माझा आक्षेप सवलत ज्या पद्धतीने दिली जाते तिच्यावर आहे.

काही वर्षांपूर्वी एक तरुण माझ्या कार्यालयात आला. शिकलेला, नोकरीतला, घरातला पहिला पदवीधर. एका समुपदेशकाकडे जात होता. फी झेपेना म्हणून त्याने सवलत मागितली. त्याला आधी उत्पन्नाचा दाखला मागितला गेला, घरी कोण कोण कमावते, गावाकडे जमीन आहे का, हे विचारले गेले. मग सवलत मिळाली. पुढे एका सेशनमध्ये तो कार्यालयातल्या जातीवरून होणाऱ्या टोमण्यांबद्दल बोलत होता, तेव्हा त्याला ऐकवण्यात आले की तुम्ही आरक्षणातून आलात याचा न्यूनगंड तुमच्याच मनात आहे, समोरच्याने सहज म्हटलेलेही तुम्हाला टोचते. तो गप्प बसला. पुढची चार सेशन्सही गप्पच बसला. मी विचारले, ‘तिथल्या तिथे का बोलला नाहीस?’ तो म्हणाला, ‘सर, त्या अर्ध्या पैशात बघत होत्या. कसं बोलणार?’

फीच्या प्रश्नाची खरी गोम या उत्तरात आहे. ‘कसं बोलणार?’ जिथे मन मोकळे करायला जायचे, जिथे राग आला तर तोही समोरच्याला सांगता यावा हाच उपचाराचा भाग, तिथेच सवलतीने माणसाचे तोंड बांधले. पूर्ण फी देणारा अशील दुसऱ्या दिवशी समुपदेशक बदलतो. सवलतवाला मिंधा होतो. ही मिंधेपणाची भावना आमच्या समाजाला नवी नाही. वरून टाकलेली भाकर ओंजळीत झेलायची आणि वर मान करून बघायचे नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. बाबासाहेबांनी ते झुगारायला शिकवले. वातानुकूलित खोलीत, गोड आवाजात, सवलतीच्या रूपाने तेच परत येत असेल तर त्या खोलीत मन बरे होण्याऐवजी आणखी वाकेल.

म्हणून कमी फी ही मेहेरबानी असता कामा नये, ती आधी ठरलेली आणि सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट असली पाहिजे. त्यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. आपल्या कायद्यांतच त्याची तत्त्वे पडलेली आहेत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 घ्या. त्याच्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक, अपंग व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे, पण तिथेही कलम 13 सांगते की अर्जदाराने आपल्या उत्पन्नाबद्दल केलेले प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येईल; अविश्वासाला कारण असेल तरच गोष्ट वेगळी. ज्या देशात सरकार माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवून वकील देऊ शकते, तिथे समुपदेशकाला तलाठ्याचा दाखला कशाला हवा? ज्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवून तुम्ही त्याच्या बालपणाच्या जखमा समजून घेणार, त्याने पगाराचा आकडा सांगितला तर तेवढ्यावर मात्र विश्वास नाही!

दुसरे, ग्राहक कायदा. 1995 साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा मुद्दा निकाली काढला. जिथे सर्वांनाच सेवा फुकट दिली जाते ती सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. पण जिथे काही जणांकडून पैसे घेतले जातात आणि काहींना मोफत सेवा मिळते, तिथे मोफत सेवा घेणाराही ग्राहकच ठरतो. खटला डॉक्टरांचा होता, पण 2019 च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यातही मोबदल्याचे तत्त्व तेच आहे. तीनशे रुपये देणारा आणि दीड हजार देणारा यांच्यात सेवेच्या दर्जाबाबत फरक करण्याचा अधिकार कुणालाही नाही. सवलत घेणाऱ्या प्रत्येकाने हे मनात ठेवावे. (आम्हा वकिलांना मात्र मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. अशिलांनी त्यावर काय म्हटले असेल ते इथे लिहीत नाही.)

आता समुपदेशकाची बाजू. ती मांडली नाही तर हा लेख अर्धवट राहील, कारण आपल्याही मुली-मुले आता मानसशास्त्रात पदव्युत्तर पदव्या घेऊन या व्यवसायात उतरत आहेत. कर्ज काढून शिकलेल्या, पाठीशी वडिलोपार्जित फ्लॅट नसलेल्या. त्यांना फुकट काम करा म्हणणे हा कोणता न्याय?

एक हिशेब मांडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, शहराप्रमाणे बदलतील, पण रीत लक्षात येईल. खोलीचे भाडे बारा हजार. ज्येष्ठ तज्ज्ञाकडून आपल्या कामाची नियमित तपासणी करून घ्यावी लागते, तिला सुपरव्हिजन म्हणतात, तिचे चार हजार. पुस्तके, प्रशिक्षण दीड हजार. वीज, फोन, साफसफाई दीड हजार. झाले एकोणीस हजार. घर चालवायला पन्नास हजार. महिन्याला 69 हजार, वर्षाला 8 लाख 28 हजार. आता कमाईचे तास. लोकांना वाटते, दिवसाला आठ सेशन, महिन्याला दोनशे. तसे होत नाही. दुसऱ्याचे दुःख ऐकण्यालाही मर्यादा असते. नोंदी, तयारी, रद्द झालेल्या वेळा धरता आठवड्याला प्रत्यक्षात अठरा सेशन होतात असे समजू. सण, आजारपण, सुट्ट्या वजा करून वर्षाचे 46 आठवडे. एकूण 828 सेशन. भागाकार केला की सरासरी फी येते बरोबर एक हजार रुपये.

म्हणजे हजार रुपये ही लूट नाही, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण सरासरी हजार म्हणजे प्रत्येकाकडून हजार, असे कुठे आहे? अठरापैकी सहा जागा दीड हजारांच्या, सहा हजारांच्या, चार सहाशेच्या आणि दोन तीनशेच्या ठेवल्या तर आठवड्याचे अठरा हजार भरतात. समुपदेशकाचे एक रुपयाचे नुकसान नाही आणि सहा जणांना परवडणारी जागा मिळते. फक्त या जागा वहीत आधीपासून राखून ठेवाव्या लागतील. दीड हजार देणारा रांगेत आहे म्हणून तीनशेची रिकामी झालेली जागा त्याला द्यायची नाही. राखीव जागा भरायची नाही आणि नंतर ‘पात्र उमेदवार मिळाला नाही’ म्हणून ती खुल्यात वळवायची, हा खेळ आपल्याला चांगला ठाऊक आहे!

यात बारीकसारीक गोष्टींनाच महत्त्व आहे. कमी फीच्या जागा मंगळवारी सकाळी अकराला दिल्या जातात, कारण त्या वेळा तशाही रिकाम्या असतात. ज्याची रोजी बुडते त्याने तीनशे रुपयांसाठी सहाशेची हजेरी घालवायची का? संध्याकाळच्या आणि रविवारच्या वेळांतही राखीव जागा हव्यात. चोवीस तास आधी न कळवल्यास पूर्ण फी भरावी लागेल, हा नियम बहुतेक ठिकाणी असतो आणि समुपदेशकाच्या दृष्टीने तो रास्त आहे. पण ज्याची पाळी मुकादम आदल्या रात्री बदलतो, त्या सफाई कामगाराला तो नियम जसाच्या तसा लावणे म्हणजे दंडच. निदान महिन्यातून एक अशी चूक माफ असावी आणि दंड घ्यायचाच तर त्याच्या फीच्या दराने घ्यावा. फी वाढवायची तर तीन महिने आधी सांगावे. अर्ध्या वाटेवर, माणूस आतून उघडा पडलेला असताना, पुढच्या महिन्यापासून तीनशे जास्त असे सांगणे फार वाईट. आणि दर पहिल्याच फोनवर, न विचारता सांगावेत. चारही दर. ‘तुम्हाला कोणता झेपेल ते तुम्ही ठरवा’ एवढे एक वाक्य पुरते. काही जण खोटे बोलून कमी दर घेतील? घेतील. आयकरात खोटे बोलणारे काय कमी आहेत? त्यांच्यासाठी उरलेल्यांची झडती घेणे योग्य नाही.

कमी फीवाल्यांना शिकाऊ समुपदेशक देण्याची पद्धतही आहे. तिला माझा सरसकट विरोध नाही, शिकाऊ वकीलही कधी ना कधी पहिला खटला चालवतोच. पण तो शिकाऊ आहे हे आधी सांगितलेले असावे, त्याच्यावर देखरेख असावी आणि दीड हजारवाल्यांपैकीही काहींच्या वाट्याला तो यावा. गरीब शिकण्यासाठी आणि श्रीमंत शिकलेल्यांसाठी, अशी वाटणी नको.

‘फुकट मिळाले की किंमत राहत नाही, फी भरली तरच माणूस मन लावून थेरपी करतो’ हा युक्तिवाद या क्षेत्रात फार ऐकू येतो. त्याचे मूळ खुद्द फ्रॉइडपर्यंत जाते. 1913 च्या एका निबंधात त्याने आपण काही वर्षे रोज एखादा तास विनामूल्य उपचारांना दिल्याचे आणि त्याचा अनुभव चांगला न आल्याचे लिहिले आहे. हे वाक्य सगळ्यांना पाठ असते. पण तोच फ्रॉइड 1918 साली बुडापेस्टच्या परिषदेत म्हणाला की गरिबाला शस्त्रक्रियेवर जितका हक्क आहे तितकाच मनाच्या उपचारांवरही असला पाहिजे आणि त्यासाठी विनामूल्य दवाखाने निघाले पाहिजेत. 1920 मध्ये बर्लिनला आणि 1922 मध्ये व्हिएन्नाला त्याच्या सहकाऱ्यांनी असे दवाखाने उभे केलेही. पहिल्या महायुद्धात सगळे उद्ध्वस्त झालेल्या समाजात, पैशांची चणचण असताना उभे केले. 1913 चा फ्रॉइड सोयीचा म्हणून लक्षात ठेवायचा आणि 1918 चा विसरायचा, याला अभ्यास म्हणत नाहीत. शिवाय किंमत मोजणे म्हणजे काय? अर्ध्या दिवसाची रजा, दोन बस बदलून केलेला प्रवास आणि शेजाऱ्यांना काय सांगायचे याची चिंता, हे सगळे देऊन जो तीनशे रुपये टेबलावर ठेवतो, त्याने दीड हजार ऑनलाईन पाठवणाऱ्यापेक्षा कमी मोजलेले नाही.

आता घरचा प्रश्न. वर मांडलेला हिशेब पुण्याच्या कोथरूडमध्ये किंवा मुंबईच्या दादरमध्ये जमतो, कारण तिथे दीड हजार देणारे सहा जण मिळतात. पण आपली मुलगी उत्तर नागपुरात किंवा मुंबईच्या गोवंडीत खोली घेऊन बसली तर? सहा जण हजार देणारे, आठ सहाशे देणारे आणि चार तीनशे देणारे मिळाले तर आठवड्याचे बारा हजार होतात. सहा हजारांची तूट. वर्षाला 2 लाख 76 हजार. जिथे गरज सर्वात जास्त, तिथेच श्रीमंताच्या फीतून गरिबाची फी भागवण्याची युक्ती अपुरी पडते. ती मुलगी वर्षभर टिकते आणि मग कोथरूडला जाते. आपण म्हणतो, शिकली आणि समाजाला विसरली.

आणि त्या वर्षभरात आपण तिला काय दिलेले असते? ‘ताई, तू आपलीच ना, तुला काय फी द्यायची?’ हे वाक्य वकिलीत मी वीस वर्षे ऐकतो आहे. परक्याला मागेल तेवढी फी मोजून द्यायची आणि आपल्या माणसाकडे पेढ्यांचा पुडा घेऊन जायचे, ही आपली सवय आपल्याच व्यावसायिकांना वस्तीतून हुसकावून लावते. चळवळीच्या माणसाने हे स्पष्ट बोलले पाहिजे.

त्या तुटीचा दुसरा हिशेबही सोपा आहे. 2 लाख 76 हजार म्हणजे महिन्याला 23 हजार. दरमहा पाचशे रुपये देणारे 46 नोकरदार. 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाला उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यायला सांगितले होते. पन्नास हजार पगार असलेल्याचा विसावा हिस्सा अडीच हजार होतो. त्याचा पाचवा भाग इथे मागितला जातो आहे. एका मोठ्या विहाराच्या परिसरात 46 नोकरदार मिळणार नाहीत असे कुणी म्हणणार नाही. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेचे भाडे किती होते, ते मंडळांच्या खजिनदारांना विचारा.

असा निधी उभा राहिला तर त्याची रचना कशी असावी, याबद्दल वकील म्हणून एक आग्रह आहे. निधीने पैसे समुपदेशकाला द्यावेत, अशिलाला नव्हे, आणि ते ठरलेल्या तासांसाठी आगाऊ द्यावेत. कोण आला, कशासाठी आला, कोणाच्या घरातला, हे समितीला कळता कामा नये. वस्ती लहान असते आणि समितीवर काका-मामाच असतात. अमक्याची सून डॉक्टरकडे जाते ही बातमी एकदा फुटली की पुढची दहा माणसे त्या खोलीची पायरी चढणार नाहीत. समुपदेशकाने महिन्याच्या शेवटी फक्त एक ओळ लिहून द्यावी : सहाशेच्या दराने किती तास झाले, तीनशेच्या दराने किती, आणि राखीव जागांपैकी किती रिकाम्या आहेत. वर्षातून एकदा सनदी लेखापालाकडून हिशेब तपासून तो विहाराच्या फलकावर लावावा. त्यावर रक्कम असावी, तास असावेत. नाव एकाही माणसाचे असू नये.